पराभूतांचा गणवेश

जितांनी जेत्यांचा गणवेश आपखुषीने का चढवावा, हा प्रश्न परकीय सत्तेचा अनुभव घेतलेल्या कोणत्याही समाजाला अपरिचित नाही. त्याची दोन ठरीव उत्तरे असतात. एक पक्ष त्यास निष्ठा म्हणतो, दुसरा लाचारी. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील किओवा जमातीचे एक वडीलधारे आणि दुसऱ्या महायुद्धातील सैनिक गस पामर यांचे चरित्र पाहू गेल्यास ही दोन्ही उत्तरे तोकडी पडतात.

किओवा म्हणजे, कोलंबसाची चूक शिरोधार्य मानून आपण ज्यांना ‘रेड इंडियन’ म्हणत आलो, त्या लोकांपैकी एक जमात. घोडा आणि बायसन यांच्या आधारे विस्तीर्ण माळरानावर जगणाऱ्या या लोकांना १८६७ च्या मेडिसिन लॉज कराराने राखीव प्रदेशात कोंडले. १८७४ च्या सप्टेंबरात पालो ड्यूरोच्या दरीत कर्नल मॅकेन्झी यांच्या घोडदळाने किओवा आणि त्यांच्या मित्रजमातींचे हजारांहून अधिक घोडे पकडून गोळ्या घालून मारले. घोड्यांवाचून लढा फार काळ चालणे शक्यच नव्हते. पुढील वर्षी अनेक योद्ध्यांना बेड्या ठोकून दूर फ्लोरिडात बंदिवासात धाडण्यात आले. १८९० साली सूर्यनृत्याचा सोहळा लष्कराच्या धाकाने थांबला. १९०१ मध्ये माणशी १६० एकर वाटून उरलेली जमीन गोऱ्या वसाहतकारांस खुली झाली. याविरुद्ध किओवांचे पुढारी लोन वुल्फ न्यायालयात गेले. तेव्हा आदिवासींशी झालेला करार काँग्रेसला एकतर्फी मोडता येतो, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९०३ मध्ये दिला. नागरिकत्व सर्व आदिवासींना मिळाले ते १९२४ मध्ये.

अशा राज्याच्या हवाई दलात पामर भरती झाले आणि बी-१७ या बाँबफेकी विमानावर तोफची झाले. फ्लोरिडातील मॅकडिल विमानतळावर, १९४४ च्या सुमारास, होरेस पूलॉ या किओवा छायाचित्रकाराबरोबरचे त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. पूलॉ त्या वेळी लष्करात हवाई छायाचित्रणाचे काम करीत होते. दोघांच्याही अंगावर सरकारी गणवेश आणि मस्तकी गरुडपिसांचा टोप! पाहणाऱ्यास तो प्रथमदर्शनी सैनिकी विनोद वाटावा. त्याच वर्षी पामरांचे बंधू लिंड्रेथ युरोपच्या रणभूमीवर धारातीर्थी पडले.

गस पामर परतले, आणि त्यांनी जे केले त्यात मला या चरित्राचे मर्म दिसते. किओवांमध्ये योद्ध्यांची मंडळे असत. गुडघ्याखाली पाय काळे रंगविणाऱ्या योद्ध्यांचे ‘ब्लॅक लेगिंग्ज’ हे त्यांतील एक. शिकारीचे आणि लढाईचे जीवनच नष्ट झाल्यावर ते लोपले यात नवल नव्हते. नवा योद्धा निपजावा कोठून? युद्धात पडलेल्या भावाच्या व अन्य किओवांच्या स्मरणार्थ पामरांनी १९५८ मध्ये ते पुन्हा उभे केले. सदस्यत्वाची अट एकच: किओवा पुरुष असावा आणि त्याने सैन्यात सेवा केलेली असावी. ज्या सैन्याने मंडळांचा आधार काढून घेतला, त्याच सैन्यातील सेवा आता मंडळाचा आधार झाली.

या मंडळाचे सदस्य लाल अंगरखा पांघरून नाचतात. तो एका पूर्वजाने मेक्सिकन अधिकाऱ्याकडून हिरावून आणलेल्या वस्त्राची खूण होय. जवळच उभ्या केलेल्या तंबूच्या एका अंगास पिवळे-काळे पट्टे आणि दुसऱ्या अंगास युद्धचित्रे असतात. हा नमुना एकोणिसाव्या शतकातील दोहासान या प्रमुखाच्या तंबूचा. नव्या तंबूवर मात्र अमेरिकी पलटणींची बोधचिन्हे आणि परदेशी रणांगणांवर पडलेल्या किओवांची नावेही रंगविलेली आहेत. स्त्रिया आपल्या मुला-भावांच्या पलटणींच्या खुणा पोशाखावर मिरवीत विजयनृत्य करतात. वॉशिंग्टनने दिलेली पदके येथे चालतात, पण त्यांचे मोल येथेच, किओवांच्या रिंगणात, ठरते.

दारिद्र्य हेही सैन्यभरतीचे एक कारण असणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘आदिवासी जन्मतःच शूर’ ही गोऱ्या अधिकाऱ्यांची वरकरणी स्तुतीही धोक्याचीच; अशा स्तुतीने माणूस सर्वांत पुढच्या तुकडीत जातो. परंतु पामरांनी दुसऱ्यांच्या युद्धातून आपल्या लोकांसाठी काही परत आणले, आणि ते मागून नव्हे, हेही तितकेच खरे. अर्थात जमीन त्यातून परत आली नाही.

ओक्लाहोमातील फोर्ट सिल हे ठाणे १८६९ मध्ये या जमातींना काबूत ठेवण्यासाठीच वसविले गेले. तेथील दफनभूमीत किओवा सार्जंट पास्कल पूलॉ विसावले आहेत. दुसरे महायुद्ध, कोरिया आणि व्हिएतनाम अशी तीन युद्धे, ४२ पदके, त्यांत ४ रौप्यतारे. १९६२ मध्ये निवृत्त होऊनही ते पुन्हा रणात उतरले आणि ७ नोव्हेंबर १९६७ रोजी लॉक निन्हजवळ मारले गेले. टेक्सासच्या तुरुंगात खिडकीतून उडी टाकून १८७८ मध्ये जीवन संपविणारे किओवा प्रमुख सटँटा यांच्या अस्थीही १९६३ मध्ये त्याच दफनभूमीत आणण्यात आल्या. दोघांच्याही थडग्यांची निगा आज तेच लष्कर राखते.