आधी अर्ज, मग शोधनिबंध

समजा, नागपूरच्या एखाद्या प्रयोगशाळेने नाग नदीच्या गाळातून एक जीवाणू वेगळा केला. त्याचा जनुकीय क्रम संगणकावर तपासून सांडपाण्यातला रंग तोडणारे एन्झाइम कोणत्या जनुकातून येते ते हुडकले आणि जनुकात बदल करून त्या एन्झाइमचा वेग वाढवला. यातल्या कशाकशाचे पेटंट मिळेल?

काय मिळत नाही

1970 च्या पेटंट कायद्याचे कलम 3 आधी नीट वाचावे. गाळात सापडला तसाच जीवाणू आणि त्यातले मूळ जनुक बाद. नुसता अल्गोरिदम किंवा संगणक प्रोग्रामही बाद. प्रोग्रामच्या कोडला कॉपीराइट मिळतो, पण तीच कल्पना कुणी नव्याने लिहून काढली तर कॉपीराइट त्याला अडवू शकत नाही. वनस्पती, प्राणी आणि बियाणेही वगळलेले आहे. बीटी कपाशीच्या जनुकाचे पेटंट याच मुद्द्यावर 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तो निकाल बाजूला सारून प्रकरण सुनावणीसाठी परत पाठवले. विदर्भातल्या संशोधकाने हा वाद मुळातून वाचावा.

काय मिळू शकते

बदल केलेला जीवाणू, सुधारलेले एन्झाइम आणि पाणी शुद्ध करण्याची पद्धत, अर्थात ते नवे असेल आणि जाणकाराला सहज सुचण्यासारखे नसेल तर. संगणकाचा भागही अगदी सोडून द्यायचा नाही. फरीद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2019 मध्ये तांत्रिक परिणामाला महत्त्व दिले. त्यामुळे दावा लिहिताना अल्गोरिदमवर हक्क मागू नये. टाकीतल्या सेन्सरचे आकडे वाचून हवेचा पुरवठा कमीजास्त करणारी यंत्रणा मागावी. अर्जाचा जीव या दाव्यांच्या शब्दांत असतो, आणि तिथे घालवलेला वेळ कधीच वाया जात नाही.

तोंड कधी उघडावे

परिषदेतले पोस्टर, ग्रंथालयात ठेवलेला पीएचडीचा प्रबंध, इंटरनेटवर खुला केलेला कोड, यांतल्या कशानेही नावीन्य संपू शकते. कलम 31 मध्ये 12 महिन्यांची सवलत आहे, पण ती मोजक्याच प्रसंगांना लागू होते आणि युरोपात तिचा उपयोग नाही. त्यापेक्षा प्राथमिक अर्ज आधी दाखल करावा. त्याने तारीख आपल्या नावावर लागते आणि पूर्ण अर्जासाठी 12 महिने मिळतात. मार्गदर्शकाने हे विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी सांगायला हवे. निबंध छापून आल्यावर सांगणे म्हणजे त्या मुलाचे नुकसान करणे आहे.

जीवाणू असेल तर

शब्दांत पुरेसे वर्णन करता न येणारा, लोकांना उपलब्ध नसलेला जीवाणू मान्यताप्राप्त संग्रहालयात ठेवावा लागतो. पुण्याचे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र त्यांपैकी एक. जीवाणू कुठून घेतला, म्हणजे ‘नाग नदी, नागपूर’, हेही अर्जात लिहायचे. ते लपवले तर पुढे पेटंट रद्द होऊ शकते. जैवविविधता कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनंतर भारतीय अर्जदाराला पेटंट मंजूर होण्यापूर्वी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते.

नागपुरातच शिकायची सोय

सरकारची पेटंट माहिती प्रणाली 1980 मध्ये नागपुरातच सुरू झाली. राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थाही सिव्हिल लाइन्समध्येच आहे. देशाच्या पेटंट परीक्षकांना जिथे प्रशिक्षण मिळते, तिथे आपल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी जायलाच हवे. महाराष्ट्राचे पेटंट कार्यालय मुंबईत असले तरी अर्ज ऑनलाइन भरता येतो. मार्च 2024 पासून परीक्षणाची विनंती 31 महिन्यांत करावी लागते. ती केली नाही तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते.