लग्न, ग्रीन कार्ड आणि रोखीतले काम

एडिसन, न्यू जर्सी

नाशिकहून इथे शिकायला आलेल्या मुलांपैकी काही जण कॉलेजबाहेर रोखीत काम करतात, हे आता गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंतच्या घरांत ठाऊक झालेले आहे. गॅस स्टेशनवरची रात्रपाळी, हॉटेलच्या किचनमधली भांडी, किराणा दुकानाचा गल्ला. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला 20 तास काम करता येते. बाहेरच्या कामाला वेगळी परवानगी लागते आणि ती सहसा अभ्यासक्रमाशी जोडलेल्या कामालाच मिळते. फी डॉलरमध्ये भरायची आणि घरच्यांनी काढलेले कर्ज डोक्यावर, म्हणून मुले नियम मोडतात. पुढे एखाद्याचे इथल्या नागरिक मुलीशी लग्न ठरते आणि नाशिकहून फोन येतो: ते जुने काम आता ग्रीन कार्डाच्या आड येईल का?

मुलगी अमेरिकन नागरिक असेल आणि मुलगा रीतसर व्हिसा घेऊन, विमानतळावर शिक्का मारून आत आलेला असेल, तर ते काम आड येत नाही. इमिग्रेशन कायद्याच्या 245 व्या कलमात परवानगीविना काम करणाऱ्याला आणि मुदत उलटल्यावर राहिलेल्याला देशात राहून ग्रीन कार्ड मिळवण्यास मज्जाव आहे. पण नागरिकाचा जोडीदार, एकवीस वर्षांखालचे अविवाहित मूल आणि प्रौढ नागरिकाचे आईवडील यांना तो मज्जाव लागू होत नाही. नागरिकाचे घर मोडू नये, एवढाच विचार या सवलतीमागे मला दिसतो, आणि तो मला योग्य वाटतो. सीमा लपून ओलांडणाऱ्याला मात्र लग्न होऊनही हा दरवाजा सहसा बंदच असतो, कारण त्याची प्रवेशाची नोंदच नसते.

गोंधळ होतो तो जोडीदार नागरिक नसून नुसता ग्रीन कार्डधारक असतो तेव्हा. नाशिकच्या घरात दोघांनाही ‘तिकडचीच’ समजले जाते. कायदा त्यांच्यात मोठा फरक करतो. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला रांगेत थांबावे लागते आणि परवानगीविना केलेले काम त्याला माफ होत नाही. इथे राहून अर्ज करता येत नाही, म्हणून त्याला मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीला जावे लागते. तिथे केवळ काम केले म्हणून व्हिसा नाकारण्याचे कलम नाही. अडते ते देश सोडल्यामुळे. 1996 च्या कायद्याप्रमाणे 180 दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलेल्याला तीन वर्षे आणि वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलेल्याला दहा वर्षे परत येता येत नाही. त्यातून सूट मागता येते, पण ती मिळेलच असे नाही. विद्यार्थ्याच्या प्रवेशनोंदीवर तारखेऐवजी ‘शिक्षण चालू असेपर्यंत’ अशा अर्थाचा शेरा असेल, तर हे बेकायदा दिवस मोजण्याची रीतही वेगळी आहे. म्हणून त्या नोंदीची प्रत वकिलाला आधी दाखवावी.

लग्न आणि नागरिकत्व यांचा संबंध आपल्या लोकांसाठी एके काळी नेमका उलटा होता. 1907 च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री आपलेच नागरिकत्व गमावून बसे. 1922 च्या केबल कायद्याने ते बरेचसे थांबले, पण नागरिक होण्यास ‘अपात्र’ पुरुषाशी लग्न करणारीला ती मोकळीक नव्हती. पुढच्याच वर्षी भगतसिंग थिंड खटल्यात सुप्रीम कोर्टाने हिंदी माणसे या अपात्रांत घातली. थिंड यांचे वकील होते लॉस एंजेलिसचे सखाराम गणेश पंडित, जन्माने अहमदाबादचे. त्यांना 1914 मध्ये मिळालेले नागरिकत्व काढून घ्यायला सरकार कोर्टात गेले. पंडितांनी सांगितले की या नागरिकत्वाच्या भरवशावर मी वकिली केली, लग्न केले. ते गेले तर माझ्या पत्नीचेही, लिलियनचेही, जाईल. 1926 मध्ये अपील कोर्टात ते जिंकले. इतर अनेक हिंदी नागरिकांचे नागरिकत्व मात्र काढून घेतले गेले आणि हा मार्ग पुन्हा खुला व्हायला 1946 उजाडले. आज लग्नातून हक्क मिळतो, याला एवढा इतिहास आहे. तो हक्क खोटेपणाने घालवू नये, असे मला मनापासून वाटते.

कारण ग्रीन कार्डाच्या अर्जात स्पष्ट प्रश्न असतो: तुम्ही कधी परवानगीविना काम केले आहे का? नागरिकाच्या जोडीदाराने ‘हो’ लिहिले तर त्या एका उत्तरावरून अर्ज फेटाळला जात नाही. ‘नाही’ लिहिले आणि खोटे निघाले, तर फसवणुकीचे कलम लागू शकते आणि माफीसाठी वेगळा अर्ज करून झगडावे लागते. म्हणजे जे माफ होते तेच लपवून मुले सहजी माफ न होणारे ओढवून घेतात. ओळखीतला कुणीतरी ‘कशाला लिहितोस, कोण बघतंय’ म्हणतो आणि घरचेही तेच सांगतात. कृपा करून सांगू नका.

याहून घातक चूक नोकरी धरतानाच होते. इथे कामावर ठेवताना मालकाला आय-9 नावाचा फॉर्म भरून घ्यावा लागतो, 1986 च्या कायद्यापासून. त्यात ‘मी अमेरिकेचा नागरिक आहे’ असा एक चौकोन असतो. नोकरी मिळावी म्हणून एखादा मुलगा त्यावर खूण करतो. 30 सप्टेंबर 1996 रोजी किंवा त्यानंतर नागरिक असल्याचा खोटा दावा केलेल्याला ग्रीन कार्डाची वाट जवळजवळ जन्मभरासाठी बंद होते. अपवाद अगदी थोडे, आणि नागरिकाशी झालेले लग्नही इथे उपयोगी पडत नाही. वीस वर्षांच्या मुलाने रात्रपाळी मिळवण्यासाठी केलेल्या एका खुणेला एवढी शिक्षा मला फार कठोर वाटते. पण कायदा तसा आहे, आणि विमानात बसण्याआधी प्रत्येक मुलाला तो माहीत असायला हवा.

लग्न खरे असल्याचे जोडप्यालाच सिद्ध करावे लागते. गोदाकाठच्या मंगल कार्यालयातला अल्बम जोडावा, पण अधिकारी पाहतो तो रोजचा संसार: दोघांच्या नावाचा घरभाड्याचा करार, एकत्र बँक खाते, एकत्र भरलेला कर, विमा. संशय आला तर दोघांना वेगवेगळे बसवून तेच प्रश्न विचारतात. पैसे देऊन ‘सिटिझन मुलगी’ मिळवून देणारे एजंट असतात. अशा लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, आणि एकदा तसा ठपका बसला की पुढचे खरे लग्नही कामाला येत नाही. मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर कार्ड दोन वर्षांचेच मिळते. ते संपण्याआधीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा. नवरा मारहाण करत असेल तर नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवऱ्याच्या सहीवाचून स्वतः अर्ज करण्याची सोय कायद्यात आहे. मुलीच्या माहेरच्यांनी हे लक्षात ठेवावे.

नाशिकहून लागतो तो मुख्यतः जन्मदाखला. मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे सहीचे प्रमाणपत्र पुरते. इथे आणखी एक फसगत होते. आपल्याकडचा नोटरी बहुधा वकील असतो. इथला नोटरी फक्त सहीचा साक्षीदार असतो, त्याला कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार नाही. सल्ला परवानाधारक इमिग्रेशन वकिलाचाच घ्यावा, आणि हल्ली तर नक्कीच. 2025 च्या नोव्हेंबरात सॅन डिएगोत मुलाखतीला आलेल्या, व्हिसाची मुदत उलटलेल्या काही जोडीदारांना तिथेच ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. कायद्यातली सवलत कायम आहे, पण अर्ज प्रलंबित असणे म्हणजे संरक्षण, हे पूर्वीइतके धरून चालता येत नाही.

नाशिकच्या आईवडिलांना शेवटी एक विनंती. अर्ज चालू असताना प्रवासाचा परवाना हाती आल्याशिवाय देश सोडला, तर अर्ज सोडून दिल्याचे धरले जाते. अपवाद आहेत ते एच-1बीसारख्या मोजक्या व्हिसांचे. मुदत उलटून 180 दिवसांहून जास्त राहिलेला असेल तर वर तीन किंवा दहा वर्षांची बंदी. घरी कुणी आजारी असेल तर तातडीचा परवाना मागता येतो, त्यासाठी डॉक्टरांचे पत्र लगेच पाठवा. दिवाळी, बहिणीचे लग्न, आजीची पंच्याहत्तरी, काहीही असो. ‘ये’ म्हणण्याआधी मुलाला विचारा: परवाना हातात आहे का, आणि वकिलाने हो म्हटले आहे का?