विंचू चावल्यावर हात-पाय गार का पडतात?

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून देतोय.

आमचं काठी गाव होळीमुळे सगळ्यांना माहीत आहे. पण इथे सातपुड्यात दगडाखाली, सरपणात लाल विंचूही असतो. तो चावला की खरा धोका वेदनेचा नसतो, रक्तवाहिन्यांचा असतो. कसा, ते बघू.

आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत बारीक स्नायू असतात. त्यांच्यावर अल्फा रिसेप्टर नावाची कुलपं असतात. नॉरॲड्रेनॅलिन ही त्यांची किल्ली. किल्ली लागली की स्नायूच्या पेशीत कॅल्शियम वाढतं, स्नायू आवळतो, नळी अरुंद होते. एरवी हे गरजेपुरतंच होतं.

विंचवाचं विष नसांमधली सोडियमची दारं लवकर बंदच होऊ देत नाही. मग नसा सिग्नल पाठवतच राहतात. आम्ही कोडवाले याला इन्फिनिट लूप म्हणतो! ॲड्रेनॅलिन, नॉरॲड्रेनॅलिनचा पूर येतो. वाहिन्या आवळतात, हात-पाय गार पडतात, बीपी चढतं. हृदयाला अरुंद नळ्यांतून रक्त ढकलावं लागतं. ते थकलं की फुफ्फुसात पाणी भरतं, आणि त्यानेच जीव जातो. लहान मुलांना जास्त धोका.

यावर उत्तर शोधलं आपल्याच महाराष्ट्रात. डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात रायगडमधल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांसमोर दगावत होते. त्यांनी रात्ररात्र उशाशी बसून नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये आलं. पुढे त्यांनी प्रॅझोसिन वापरलं. ही मुळात बीपीची साधी, स्वस्त गोळी. ती अल्फा कुलपात जाऊन बसते, किल्ली लागूच देत नाही. नळ्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो. त्यामुळे मृत्यूंचं प्रमाण खूपच खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता कामाचं. दरदरून घाम, उलट्या, गार हात-पाय दिसले तर दुखणं कमी असलं तरी थांबू नका. कापू नका, करकचून बांधू नका, मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. गोळीही मनाने देऊ नका, बीपी एकदम पडू शकतं. थेट दवाखाना गाठा. आमच्यासारख्या डोंगरातल्या गावांना रस्त्यालाच वेळ लागतो, म्हणून लवकर निघा.

आणि हो, सकाळी चप्पल झटकून घाला. भेटू पुढच्या भागात!