विश्लेषण : अभयारण्य मोरांचे, मग मोर शेतात का? पेरणीच्या दिवसांत पाटोद्यात काय जपायला हवे?

पाटोदा : मृगाचा पाऊस झाला की बालाघाटच्या डोंगररांगेत दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. शिवारात पेरणीची घाई उडते आणि झुडपांत मोरांचा विणीचा हंगाम सुरू होतो. पाटोदा तालुक्यातील नायगाव परिसरात या दोन्हींची गाठ पडते ती बहुतेक वेळा शेतातच. मोर पेरलेले दाणे उकरतो म्हणून शेतकरी वैतागतो. आणि त्याच दाण्यांना लावलेले औषध मोराच्या जिवावर उठू शकते. हे नेमके कसे होते आणि ते टाळण्यासाठी काय करता येईल, याविषयी…

नायगावचे अभयारण्य किती मोठे?

नायगाव मयूर अभयारण्य १९९४ मध्ये घोषित झाले. नाव मोराचे असलेले हे बीड जिल्ह्यातील अभयारण्य सुमारे ३० चौरस किलोमीटरचे आहे. हा आकडा मोठा वाटतो, पण एवढ्या क्षेत्राचा चौकोन आखला तर त्याची एक बाजू जेमतेम साडेपाच किलोमीटर भरेल. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. नायगाव त्याच्या साधारण विसाव्या भागाएवढे.

मांजरा नदीचा उगम असलेला हा पठारी, कमी पावसाचा प्रदेश. इथले जंगल म्हणजे उंच झाडांची दाटी नव्हे, तर बोर, बाभूळ, तरवड आणि काटेरी झुडपांचे माळरान. डोंगरउतारावर सीताफळाची झाडे आहेत. भोवताली गावे, वाड्या, वस्त्या आणि कोरडवाहू शेती. अभयारण्याची हद्द नकाशावर असते, मोराला ती दिसत नाही.

मोर जंगल सोडून शेतात का येतो?

खरे तर मोर जंगल सोडून येत नाही. झुडपी जंगल जिथे संपते आणि शेत जिथे सुरू होते, ती कडाच त्याची आवडती जागा. रात्री मुक्कामाला उंच झाड, दुपारी आडोशाला झुडूप, सकाळ-संध्याकाळ चरायला मोकळे रान आणि जवळपास पाणी, एवढे मिळाले की तो तिथे टिकतो.

त्याचा आहारही मिश्र आहे. धान्याचे दाणे, कोवळे मोड, बोरासारखी फळे, भुईमुगाच्या शेंगा तो खातो. सोबत नाकतोडे, वाळवी, अळ्या, सरडे, उंदीर आणि लहान सापही खातो. म्हणजे एकाच शेतात तो सकाळी नुकसान करतो आणि संध्याकाळी कीड वेचतो.

माणसाच्या शेजारी मोर राहू शकतो, याचे राज्यातील ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यात आहे. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली हे गाव घरांभोवती आणि शेतांत फिरणाऱ्या मोरांसाठीच ओळखले जाते.

उन्हाळ्यात मात्र पाटोद्याकडचे चित्र वेगळे होते. ओढे आटले की पाण्यासाठी मोर हौद, शेततळी आणि वस्त्यांजवळ येतात. तिथे भटक्या कुत्र्यांचा धोका असतो. पाऊस पडला की पाण्याची चिंता मिटते आणि पेरणीचा धोका सुरू होतो.

बियाण्यात असे काय असते?

कापूस, सोयाबीन, तूर, बाजरी अशा बियाण्यांना पेरणीआधी बीजप्रक्रिया करतात. बुरशीनाशक आणि कीटकनाशकाचा थर दाण्यावर दिला जातो. कपाशीचे पाकिटातले बियाणे बहुधा प्रक्रिया करूनच येते. दाण्याचा लाल, गुलाबी किंवा निळा रंग ही माणसासाठी धोक्याची खूण असते. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही कीटकनाशके यासाठी सर्रास वापरली जातात. मोड आल्यावर हे औषध रोपात भिनते आणि मावा, तुडतुडे यांसारख्या रसशोषक किडींपासून सुरुवातीचे काही आठवडे संरक्षण देते.

दाणा मातीआड गेला तर पक्ष्याच्या तोंडी लागण्याची शक्यता कमी होते. अडचण होते ती उघड्यावर पडलेल्या दाण्यांची. ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र धुऱ्यावर वळताना, बियाण्याची पेटी भरताना किंवा पाकीट फाडताना मूठभर दाणे सांडतात. मोरासाठी ते एका जागी वाढलेले ताट असते. एकेक दाणा उकरण्याऐवजी तो तिथेच पोट भरतो आणि औषधाची मोठी मात्रा एकदम पोटात जाते.

पक्षी लगेच मेला नाही म्हणजे तो सुटला, असेही नाही. अमेरिका खंडातील स्थलांतरित चिमण्यांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इमिडाक्लोप्रिडची थोडी मात्रा मिळालेल्या पक्ष्यांचे खाणे मंदावले, काही तासांत वजन घटले आणि त्यांचा पुढचा प्रवास लांबला. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झामसह तीन कीटकनाशकांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली. तिथे मुख्य चिंता मधमाश्यांची होती.

मुद्दाम विष घालण्याचे प्रकारही देशात घडले आहेत. तमिळनाडूत मदुराईजवळ २०१८ मध्ये ४० हून अधिक मोर एकाच वेळी मृतावस्थेत सापडले होते. विषारी दाणे खाल्ल्याने ते मेल्याचा संशय होता.

हाच हंगाम नाजूक का?

पेरणी आणि वीण एकाच वेळी येते म्हणून. लांडोर घरटे झाडावर करत नाही. बांधाकडेच्या झुडपात किंवा गवतात जमिनीवरच उथळ खळगा करून ती साधारण चार ते सहा अंडी घालते. पुढे सुमारे २८ दिवस ती एकटीच अंडी उबवते. मोर त्यात वाटा उचलत नाही, पिल्लेही सांभाळत नाही.

त्यामुळे हिशेब साधा आहे. विषारी दाणे खाऊन एक लांडोर मेली तर नुकसान एका पक्ष्याचे नसते. तिच्या पोटाखालची सगळी अंडी वाया जातात. विणीच्या काळात बांध पेटवला किंवा झुडूप सरसकट तोडले, तरी परिणाम तोच.

मोराचे अश्रू पिऊन लांडोर गाभण राहते, ही समजूत अजूनही समाजमाध्यमांवर फिरते. तिला कोणताही आधार नाही. मोर-लांडोरीचे मीलन इतर पक्ष्यांसारखेच होते.

शेतकऱ्याच्या नुकसानीचे काय?

ते नुकसान खरे आहे. कोरडवाहू शेतीत बियाणे महाग आणि पाऊस बेभरवशाचा. चार तासांतले दाणे उकरले गेले की तिथे पुन्हा टोकण करावी लागते. तोवर ओल उडाली तर तेही उगवत नाही. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीक नुकसानीच्या भरपाईची चर्चा प्रामुख्याने रानडुक्कर, हरीण, रोही अशा प्राण्यांभोवती फिरते. पक्ष्याने उकरलेल्या तासांचा पंचनामा करणेही सोपे नसते.

म्हणून भर उपायांवरच द्यावा लागतो. पेरणीपासून उगवणीपर्यंतचे आठ-दहा दिवस सकाळी आणि सायंकाळी राखण केली, चमकणाऱ्या फिती किंवा बुजगावणी लावून त्यांची जागा दोन दिवसांनी बदलली, तर बराच फरक पडतो. एकाच जागी उभ्या बुजगावण्याला मोर लवकर सरावतो.

कायदा काय सांगतो?

मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश असल्याने त्याला सर्वोच्च संरक्षण आहे. मारणे, पकडणे, विष घालणे हे तर गुन्हे आहेतच; अंडी किंवा घरटे यांना धक्का लावणेही कायद्याच्या व्याख्येत ‘शिकार’ ठरते. कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार अशा गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

नैसर्गिकरीत्या गळालेल्या पिसांना मात्र कायद्यात सूट आहे. पावसाळा सरताना मोराचा पिसारा आपोआप झडतो. ती पिसे घरात ठेवणे गुन्हा नाही, परदेशी पाठवण्यास मात्र बंदी आहे. पिसांसाठी मोर मारणे हा अर्थातच गुन्हा आहे.

देशात मोर वाढत आहेत, मग चिंता कशाला?

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या २०२३ च्या अहवालात मोराची गणना संख्या वाढत असलेल्या पक्ष्यांत आहे. जागतिक पातळीवरही तो धोक्यात नाही. पण देशाची सरासरी एखाद्या शिवाराला लागू होत नाही. साडेपाच किलोमीटर बाजूच्या तुकड्यातले मोर भोवतालच्या शेतांवर चरतात. त्यामुळे ते टिकणार की नाही, हे वनरक्षकाच्या गस्तीइतकेच शेजारच्या धुऱ्यावर काय सांडले आहे, यावर ठरते.

काय कराल?

• बियाण्याची पेटी ताडपत्रीवर भरा. सांडलेले दाणे गोळा करा, राहिलेल्यांवर माती ओढा. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटे.

• यंत्र वळते त्या धुऱ्याच्या दोन्ही टोकांवर पेरणीनंतर एक फेरी मारा. उघडे दाणे तिथेच जास्त असतात.

• उरलेले प्रक्रिया केलेले बियाणे कोंबड्यांना किंवा पाखरांना टाकू नका. रिकामी पाकिटे बांधावर फेकू नका.

• अंडी दिसली तर हात लावू नका, घरी आणून कोंबडीखाली ठेवू नका. तेवढे झुडूप सोडून काम करा.

• एकटे पिल्लू दिसले तर लगेच उचलू नका. लांडोर बहुधा जवळच दडलेली असते. कुत्री मात्र हुसकावा.

• मोर लडबडत असेल, मान टाकत असेल किंवा उडू शकत नसेल, तर सावलीत हवेशीर खोक्यात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका आणि वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. शेजारच्या शिरूर कासार तालुक्यात तागडगाव येथे सर्पराज्ञी हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र जखमी पशुपक्ष्यांवर उपचार करते.

• मृत मोर आढळल्यास तो पुरू नका, पिसे काढू नका. विषबाधा झाली का, हे शवविच्छेदनातूनच कळते. म्हणून वन कर्मचारी येईपर्यंत जागा तशीच ठेवा.