नववा महिना आणि दारामागची पिशवी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या धाकट्या जाऊबाईला नववा महिना लागला होता. पहिली मुलगी माहेरी झाली होती, हे दुसरे बाळंतपण सासरी, म्हणजे आमच्याकडे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावात. दीर नोकरीला कुवेतला. त्या दिवशी घरात पाहुणे होते. मगरिबच्या नमाजनंतर ती स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "भाभी, दुपारपासून बाळ हललं नाही." आम्ही तांदळाच्या भाकऱ्या थापत होतो. "निजलं असेल," असे म्हणून आम्ही पुढची भाकरी तव्यावर टाकली.

वीस वर्षे शाळेत शिकवणाऱ्या बाईचे हे उत्तर. ते आजही आम्हाला टोचते.

इशाची अजान झाली तेव्हा ती पुन्हा आली. या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी होते. मग धावपळ सुरू झाली. तपासणीची फाईल सापडेना. सोनोग्राफीचे कागद अम्मींच्या कपाटात, रक्ताचा रिपोर्ट फक्त दिरांच्या मोबाइलमध्ये. शेजारचा रिक्षावाला लग्नाला गेलेला. शेवटी १०८ ला फोन केला. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाचे ठोके ऐकले आणि लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तिथे सिझेरियनसाठी सही हवी होती. अम्मी म्हणाल्या, "मुलाला विचारल्याशिवाय कशी करायची?" कुवेतचा फोन लागत नव्हता. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पेन सरळ जाऊबाईच्या हातात दिला. "पेशंट तू आहेस, सज्ञान आहेस. सही तुझीच."

तिने सही केली. मुलगी झाली. वजन दोन किलो दोनशे ग्रॅम. काही दिवस नवजात शिशू कक्षात राहून बाळ घरी आले. अल्हम्दुलिल्लाह. पण त्या रात्रीने आम्हाला शिकवले की बाळंतपणाची तयारी म्हणजे नुसते डिंकाचे लाडू आणि दुपटी नव्हेत.

काही घरांत बाळ येण्याआधी त्याचे काही आणून ठेवणे अपशकुनाचे मानतात. आमच्याकडेही जुन्या बायका तसेच म्हणायच्या. पण दीनमध्ये अशा शकुनाला जागा नाही. उंट मोकळा सोडून तवक्कल करावे की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितले, ही हदीस आपण मुलांना शिकवतो. नवव्या महिन्यात आपलाही उंट बांधलेला हवा.

शरम सोडून बोलायच्या गोष्टी

आपल्या घरांत सुनेने पोटातल्या बाळाबद्दल चारचौघांत बोलू नये, असा एक अलिखित नियम असतो. त्याची किंमत मोठी पडू शकते. सातव्या महिन्यानंतर बाळाच्या हालचालीकडे रोज लक्ष द्यावे. जेवणानंतर एका कुशीवर पडून हालचाली मोजाव्यात. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या पाहिजेत, असे साधारणपणे सांगितले जाते. आकडा लक्षात राहिला नाही तरी चालेल, पण नेहमीपेक्षा हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न पाहता निघावे.

आणखी काही खुणा घरातल्या प्रत्येकाला, पुरुषांनाही, माहीत हव्यात: अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा धूसर दिसणे, चेहऱ्यावर व हातांवर एकदम सूज, पोटात वरच्या बाजूला तीव्र दुखणे, ताप, झटके. यातले काहीही झाले तर "थोडं पाहू या" म्हणायचे नाही. पोटावर तेल चोळणे, काढा देणे, हे उपाय यावर नाहीत.

कळा खऱ्या की खोट्या, हा प्रश्न प्रत्येक घरात पडतो. खऱ्या कळा ठरावीक वेळाने येतात, हळूहळू जवळ येतात, वाढत जातात आणि कूस बदलली किंवा चालले तरी थांबत नाहीत. दुसरेपणाचे बाळंतपण बहुधा लवकर होते. दवाखाना लांब असेल आणि मध्ये घाट किंवा खाडी असेल, तर कळा अगदी जवळ येण्याची वाट पाहू नये.

पिशवीत काय असावे

छत्तिसावा आठवडा लागला की एक पिशवी भरून दारामागे ठेवावी. तपासणीची फाईल, माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी व रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्ड आणि बँक पासबुकाची प्रत एका प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावी, पावसात भिजणार नाही अशी. आईसाठी पुढून उघडणारे दोन-तीन सैल मॅक्सी, ओढणी, पॅड, चप्पल. बाळासाठी धुऊन उन्हात वाळवलेली जुन्या मऊ सुती कापडाची दुपटी, लंगोट, टोपी, मोजे. नवे कापडही आधी धुवावे. मोबाइलचा चार्जर विसरू नये. सोबत कोणती बाई राहणार आणि घरच्या मोठ्या मुलाला कोण सांभाळणार, तेही ठरलेले असावे.

कागदावर ठळक अक्षरात आईचा रक्तगट लिहावा. तोच गट असलेले दोन-तीन नातेवाईक किंवा शेजारी आधी विचारून ठेवावेत. आईचा गट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आठवण द्यावी, कारण बाळाचा पॉझिटिव्ह निघाल्यास ७२ तासांच्या आत आईला एक इंजेक्शन द्यावे लागते. पुढच्या बाळासाठी ते फार गरजेचे असते.

गाडीसाठी दोन माणसे ठरवावीत, एक नाही. १०८ हा नंबर घरातल्या शाळकरी मुलालाही पाठ हवा. आणि सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट म्हणजे नवरा परदेशी किंवा मुंबईला असेल, तर निर्णय कोण घेणार? सज्ञान बाईची सही तिची स्वतःचीच चालते. हे अम्मींना, अब्बांना आणि सुनेलाही आधी नीट समजावून सांगितलेले असावे.

सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या बाईला २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि जेवण मोफत आहे. घरून नेणे व परत आणणे हेही त्यात येते. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात आणि दुसरी मुलगी झाल्यास ६०००. आशाताईला विचारायला लाजू नये.

बाळ आल्यावर

बाळ पुसून लगेच आईच्या छातीशी द्यावे आणि पहिल्या तासाभरात अंगावर पाजावे. पहिले पिवळसर घट्ट दूध पिळून टाकू नये, ती बाळाची पहिली लस समजावी. पहिल्या दिवशी आंघोळ नको. डोळ्यांत सुरमा-काजळ नको, घुटी नको. बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी, या लशी दिल्या का ते विचारून कार्डावर पाहावे.

कानात अजान दवाखान्यातही हळू आवाजात देता येते. तहनीक खजुराने करायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. हात स्वच्छ धुतलेले असावेत, करणाऱ्याला सर्दी-खोकला नसावा आणि टाळूला अगदी बोटभर स्पर्श पुरे. मध मात्र एक वर्षापर्यंत बाळाच्या तोंडाला लावू नये, त्यातून गंभीर आजार होऊ शकतो. बाळ काचेच्या पेटीत असेल तर थांबावे. अकीका सातव्या दिवशी जमला नाही तर चौदाव्या किंवा एकविसाव्या दिवशी करता येतो. कर्ज काढून दावत देऊ नये.

नाव: शाळेतल्या टेबलावरून एक विनंती

जूनमध्ये शाळेत प्रवेश देताना आम्ही दरवर्षी एकच अडचण पाहतो. जन्मदाखल्यावर 'फैजान', आधारवर 'फैझान'. आईचे नाव दाखल्यावर माहेरचे, रेशन कार्डावर सासरचे, कारण बाळंतपण माहेरी झाले आणि दवाखान्यात अब्बांनी नाव सांगितले. एका ठिकाणी 'मोहम्मद', दुसरीकडे नुसते 'मो.'. मग आईबाप कामाचा दिवस मोडून नगरपालिकेच्या चकरा मारतात.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. नाव ठरले नसेल तर नोंद थांबवू नये, वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येते. नवव्या महिन्यात निवांत बसून मुलाचे व मुलीचे नाव उर्दूत, मराठीत आणि इंग्रजीत एका कागदावर लिहावे. दवाखान्यात आईचे नाव आधारवर आहे तसेच सांगावे.

आमच्या पुतणीचे नाव असेच तिन्ही लिपींत लिहून पिशवीत ठेवले असते, तर दाखल्यावर एक अक्षर चुकले नसते. ते दुरुस्त करायला आम्हाला तीन फेऱ्या पडल्या.

परवा मोहल्ल्यातली एक सून भेटली. आठवा महिना सरत आलेला. तिच्या सासूबाईंना आमच्या जाऊबाईनेच बाजूला घेतले आणि सांगितले, "खाला, ती म्हणाली बाळ हलत नाही, तर भाकरी तव्यावरच सोडून उठा." आम्ही शेजारी उभ्या होतो. काही बोललो नाही. अल्लाह सगळ्या आया आणि बाळांना सुखरूप ठेवो. आमीन.