अरण्याचे ऋण

पलासिया हे आपल्या वस्तीचे नाव उच्चारताच पळसाची आठवण होते. पळस मात्र येथे शोधावा लागतो. अरण्यांचेही केवळ नाव उरू नये, यासाठी जे दान दिले जाते त्याचा विनियोग कसा होतो, हे थोडक्यात पाहू.

१९७३ साली भारत सरकारने व्याघ्र प्रकल्प आरंभिला, तेव्हा जागतिक वन्यजीव निधीने त्यास दहा लाख डॉलर्सचे साहाय्य देऊ केले. आपल्या राज्यातील कान्हा आणि विदर्भातील मेळघाट यांचा पहिल्या नऊ क्षेत्रांत समावेश होता. पुढे २००६ च्या कायदादुरुस्तीने व्याघ्र क्षेत्रांसाठी संवर्धन प्रतिष्ठाने स्थापण्याची तरतूद केली. पर्यटकांचे प्रवेशशुल्क पुन्हा त्याच वनाच्या कामी यावे, त्यास बाहेरील साहाय्याची जोड मिळावी आणि पर्यटनात स्थानिकांचा सहभाग असावा, हा तिचा हेतू. पाणवठे, वनरक्षकांची साधने, माहिती केंद्रे ही कामे अशा निधीतून उभी राहू शकतात.

परंतु सर्वांत मोठे दान पावतीपुस्तकात आढळत नाही. १९७० च्या सुमारास कान्ह्यात अवघे ६६ बारशिंगे उरले होते. त्यांच्या कुरणांसाठी बैगा-गोंडांची गावे उठली. सोंफ गावाच्या जागी आज कुरण आहे. ते दान स्वेच्छेचे होते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

म्हणून श्रोतेहो, आपल्या देणगीस मी ऋणफेड म्हणतो. फलकावर आपले नाव शोधण्याआधी दात्याने एवढेच विचारावे : त्या उठलेल्या गावांपर्यंत यातील किती पोहोचले?