आजारी कोंबडीची शुश्रूषा

कान्हे फाट्यावरून आंदर मावळात शिरले की टाकवे बुद्रुक लागते. हा मुलूख भाताचा आणि मुसळधार पावसाचा. आषाढ-श्रावणात येथे दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, खुराड्यातील जमीन ओली राहते आणि परसातील कोंबड्या आजारी पडू लागतात. चार-पाच कोंबड्यांच्या अंड्यांवर मीठ-मिरची भागविणाऱ्या गृहिणीच्या दृष्टीने एक कोंबडी दगावणे हाही तोटाच होय. म्हणून ती वाचविण्याची खटपट अवश्य करावी. परंतु त्या खटपटीत उरलेल्या व शेजारच्या कोंबड्या धोक्यात येऊ नयेत.

प्रथम कोंबडी खरोखर आजारी आहे की खुडूक बसली आहे, हे ओळखावे. खुडूक कोंबडीही कमी खाते आणि पिसे फुलवून बसून राहते. परंतु हात लावताच ती आवाज करून चोच मारते. आजारी कोंबडी डोळे मिटून पेंगते, तिचे पंख ओघळतात व ती प्रतिकार करीत नाही.

अशी कोंबडी दिसताच ती त्याच दिवशी वेगळी करावी. पडवीच्या कोरड्या कोपऱ्यात भाताचे तूस किंवा पेंढा अंथरून तिला डालग्याखाली ठेवावे. तिचे पाण्याचे भांडे निराळे असावे. निरोगी कोंबड्यांची कामे आधी व आजारी कोंबडीचे काम शेवटी करून साबणाने हात धुवावेत.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. भिजलेली व उपाशी कोंबडी ही ऊब टिकवू शकत नाही. तिला कोरडी करून कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी. एक लिटर पाण्यात चमचाभर गूळ व चिमूटभरच मीठ घालून ते प्यावयास ठेवावे. मीठ अधिक झाल्यास ते कोंबडीस विषासारखे बाधते. पाणी घशात ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशी असल्याने ते फुप्फुसात जाते. चोचीच्या कडेला थेंब थेंब लावल्यास कोंबडी आपण होऊन गिळते. नंतर कण्यांचा मऊ भात थोडा थोडा द्यावा.

यासोबत कारण शोधावे. गळ्याखालची अन्नाची पिशवी सकाळी रिकामी असावयास हवी. ती कठीण लागल्यास अन्न अडकले आहे असे समजावे. पिसांच्या मुळाशी उवा दिसतात का ते पाहावे. रक्त शोषणारे बारीक किडे दिवसा खुराड्याच्या फटींत लपतात व रात्री बाहेर पडतात. विष्ठेत रक्त दिसल्यास, विशेषतः पिलांमध्ये, रक्ती हगवणीचा संशय घ्यावा. औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे व ते सांगतील तितके दिवस त्या कोंबडीची अंडी खाऊ नयेत.

मात्र हिरवट-पांढरी हगवण, धाप, लुळे पाय व पिळलेली मान ही राणीखेत अर्थात मानमोडीची लक्षणे आहेत. विषाणूमुळे होणाऱ्या या रोगावर औषध नाही; लस हाच उपाय. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात व सुमारे आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचतात. पुण्यातील औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत कोंबड्यांच्या लसी तयार होतात. लशीच्या कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात, ती बर्फात ठेवावी लागते आणि कालविल्यावर थोड्याच वेळात वापरावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कुपी फोडणे कोणासही परवडणार नाही. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वाडीवार कोंबड्यांची यादी करावी आणि पावसाळ्यापूर्वी एकच दिवस ठरवून, पहाटे खुराडी उघडण्याआधी, निरोगी कोंबड्यांना लस देण्याची व्यवस्था करावी.

एकाएकी अनेक कोंबड्या मेल्यास त्यांना हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तात्काळ कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हा तेथील कोंबड्या मोठ्या संख्येने नष्ट कराव्या लागल्या. आजारी कोंबडी मरण्याआधी बाजारात विकून चार पैसे वाचविल्यासारखे वाटते; पण तीच टोपली रोग दुसऱ्या गावी पोहोचविते. बरी झालेली कोंबडीही दोन आठवडे वेगळी ठेवून मगच इतरांत सोडावी.